गॅसिफायरच्या वायूतली धूळ कशाने काढावी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाळपईजवळ तुमचं काजूचं युनिट आहे. नारळाच्या करट्या आणि थोडं लाकूड यांवर चालणारा डाउनड्राफ्ट गॅसिफायर तुम्ही बसवताय, तासाला १०० किलो जळण घेणारा. म्हणजे कमी हवेत जळण तापवून जळाऊ वायू बनवणारी भट्टी, जिच्यात वायू तापलेल्या थरातून खाली येतो. बराचसा वायू बोर्मा ड्रायरला (काजूगर सुकवायच्या गरम खोलीला) आणि काजू उकडायच्या बॉयलरला, उरलेल्यावर ३० किलोवॅटचा जनरेटर. एक विक्रेता बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून वायू गाळणारा) घ्या म्हणतो, दुसरा व्हेंचुरी स्क्रबर (वायू पाण्याने धुणारा). धूळ काढायला यातलं चांगलं कोणतं, आणि जमलं तर काजूची टरफलंही यातच घालता येतील का, हे तुम्हाला हवंय.

बावीस वर्षं गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगाव पट्ट्यात मी हेच काम करतोय. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नव्या मालकाने विचारलाय, आणि दर वेळी मी आधी एकच गोष्ट सांगतो. या वायूत धूळ एकटी नसते. सोबत डांबराची वाफ असते, पाण्याची वाफ असते, आणि वायू थंड होईल तशी ती धुळीवरच बसते. सिमेंटच्या किंवा पिठाच्या गिरणीतली धूळ कोरडी, तिला पिशवीत पकडली की झटकून खाली पाडता येते. आपली धूळ ४०० अंशांना कोरडी असते आणि ६० अंशांना चिखल होते. म्हणून यंत्र कोणतं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की धूळ पकडायच्या जागी वायू किती गरम असेल. ते एकदा ठरलं की निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात.

त्याच्याही आधी वायू जातोय कुठे ते बघा. तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचणार आहेत.

बर्नरला जाणारा वायू स्वच्छ असायची फारशी गरज नाही. गरम वायू तसाच भट्टीत नेला तर डांबरही जळतं आणि उष्णताच देतं. बारीक काजळीही बरीचशी जळून जाते. फक्त जाड राख आणि कोळशाचे कण काढले की पुरे, नाहीतर बर्नरचं तोंड आणि डक्टचे कोपरे भरतात. त्याला सायक्लोन बस्स, म्हणजे वायू गरगर फिरवून जड कण खाली पाडणारं, खाली निमुळतं होत जाणारं भांडं. अट एकच, वायू बर्नरपर्यंत ३०० अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. डक्ट आखूड ठेवा, त्यावर रॉकवूल गुंडाळा, आणि जिथे वळण असेल तिथे साफ करायचं झाकण ठेवा. ड्रायरच्या बाबतीत मात्र एक कडक नियम पाळा. जळलेल्या वायूचा धूर थेट काजूगरावर सोडायचा नाही, मध्ये हीट एक्स्चेंजर हवाच, म्हणजे धूर हवेत न मिसळता फक्त उष्णता हवेला देणारं यंत्र. गराला लागलेला धुराचा वास काही केल्या जात नाही.

इंजिनाची गोष्ट पूर्ण वेगळी. इंजिनासाठी साधारण मान्य असलेली मर्यादा म्हणजे घनमीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी धूळ आणि १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी डांबर. मी स्वतः धूळ २०च्या खाली आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देत नाही, कारण राखेतली सिलिका सिलिंडरच्या भिंतीला पॉलिश पेपरसारखी घासते आणि ते नुकसान सहा महिन्यांनी कळतं.

आता तुमचा हिशेब मांडू. एक किलो जळणातून साधारण अडीच घनमीटर वायू मिळतो, म्हणजे तासाला २५०. जनरेटरला विजेच्या एका युनिटमागे १.२ ते १.४ किलो जळण लागतं, म्हणजे ३० किलोवॅटला सुमारे ४० किलो. त्याचा वायू १०० घनमीटर. उरलेले १५० बर्नरला. दोन्ही विक्रेत्यांनी तुम्हाला २५० घनमीटरचं यंत्र सांगितलंय. तुम्हाला बारीक गाळायचे आहेत ते फक्त १००. वायू गॅसिफायरमधून बाहेर पडला की लगेच दोन फाटे करा आणि खर्चाचं यंत्र फक्त इंजिनाच्या फाट्यावर लावा.

सायक्लोनही दोन घ्या, प्रत्येक फाट्याला एक. याचं कारण असं की सायक्लोन वेगावर चालतो. तोंडाशी वायूचा वेग सेकंदाला १५ ते २० मीटर असेल तर १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे बहुतेक कण तो खाली पाडतो. दोन्ही फाट्यांना मिळून एकच मोठा सायक्लोन बसवला आणि जनरेटर बंद असला, तर वेग निम्म्याच्या जवळ येतो आणि सायक्लोन नुसता पोकळ डबा होऊन बसतो. ४०० अंशांना तुमच्या बर्नरच्या फाट्याला २५ सेंटीमीटर व्यासाचा आणि इंजिनाच्या फाट्याला २० सेंटीमीटरचा सायक्लोन माझ्या हिशेबाने बसतो. लहान व्यासाचा सायक्लोन जास्त बारीक कण पकडतो हा वरचा फायदा. पण कितीही चांगला बनवला तरी ५ मायक्रॉनच्या खालचे कण त्याच्या हातून निसटतात, आणि इंजिनाला नेमके तेच छळतात.

सायक्लोनचं खालचं तोंड हा माझा सगळ्यात जुना शत्रू. ब्लोअर पुढे असल्यामुळे आत नेहमी खेच असते. खालच्या झाकणाची गास्केट कुठेतरी बसलेली नसेल तर तिथून हवा आत घुसते, खाली पडलेली धूळ पुन्हा वर उचलली जाते, आणि गरम कोळशाच्या पुडीला प्राणवायू मिळतो. फोंडा तालुक्यातल्या एका युनिटमध्ये मला बोलावलं होतं ते सायक्लोन काम करत नाही म्हणून. मी पोचलो तेव्हा कोनाचं टोक अंधारात विटेसारखं लाल दिसत होतं. गास्केटच्या जागी कुणीतरी पोत्याची सुतळी भरली होती. यंत्र चांगलं होतं, आठ आण्यांच्या वस्तूने ते वाया घालवलं होतं. दुहेरी झडप लावा, धूळ घट्ट झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये पडू द्या, आणि भरलेला ड्रम पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. ही पूड आतल्या आत धुमसत असते. वरून गार वाटते, आणि पसरली की पेट घेते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, सायक्लोननंतर काय.

स्क्रबरबद्दल आधी बोलतो, कारण त्याची किंमत कमी दिसते. 'स्क्रबर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टाक्या प्रत्यक्षात कूलर असतात. वरून पाण्याचे फवारे, खालून वायू. वायू गार होतो, पाणी काळं होतं, मालकाला वाटतं काम झालं. पण साध्या फवाऱ्याने जे कण पकडले जातात ते सायक्लोनने आधीच काढलेले असतात. एक मायक्रॉनच्या आसपासची काजळी पाण्याने पकडायची तर खरा व्हेंचुरी लागतो. त्यात वायू अरुंद गळ्यातून प्रचंड वेगाने जातो आणि पाण्याचे बारीक थेंब करतो. त्याला पाण्याच्या स्तंभाचे ५०० मिलिमीटर, प्रसंगी १००० मिलिमीटर दाब खर्च होतो. तेवढा दाब देणारा ब्लोअर तुमच्या ३० किलोवॅटमधला थोडा वाटा सतत खात राहील. तुमच्या कोटेशनमध्ये दाबाचा आकडाच नाही. तो विचारा. २०० सांगितला तर समजा की तो कूलर आहे.

पण स्क्रबर नको म्हणण्याचं माझं खरं कारण पाणी आहे. त्या पाण्यात फिनॉल, अमोनिया आणि डांबर उतरतं. पिण्याच्या पाण्यात फिनॉल किती चालतं, तर आपल्या भारतीय मानकात लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. इतकी ही वाईट वस्तू. आपल्याकडे सगळीकडे जांभा. चिऱ्याच्या खणीत पाणी साठवलं की ते थांबत नाही, भेगांतून खाली जातं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत निघतं. पावसाळ्यात तीच खण भरून वाहते आणि ओहोळातून म्हादईपर्यंत पोचते. मी एका विहिरीचं पाणी स्वतः वासाने ओळखलंय, आणि त्या घरातल्या बाईंनी पुढे टँकरच्या पाण्यावर वर्ष काढलं. त्या दिवसापासून प्रक्रियेची सोय नसलेल्या छोट्या युनिटला मी ओला स्क्रबर सुचवत नाही. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीसाठीही सांडपाण्याचं काय करणार हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल, आणि ज्याच्याकडे सांडपाणीच नाही त्याचा अर्ज सोपा.

बॅग फिल्टर हे तुमच्यासाठी योग्य यंत्र आहे, पण विक्रेत्याने सांगितलंय तसं नाही. त्याने पॉलिएस्टरच्या पिशव्या सांगितल्यात. पॉलिएस्टर १३० अंशांच्या आसपास थकतो. म्हणजे वायू १२०ला आणावा लागणार, आणि तिथे जड डांबर पिशवीवर बसायला लागतं. मी डाउनड्राफ्टच्या वायूसाठी पिशव्या १८० अंशांवर चालवतो, १६०च्या खाली कधीच नाही. त्याला टेफ्लॉनचं किंवा टेफ्लॉनचा थर दिलेलं काचधाग्याचं कापड लागतं, ते २५०पर्यंत सोसतं. महाग आहे. पण १०० घनमीटरला लागतं किती ते बघा. १८० अंशांना तो वायू फुगून तासाला १६६ घनमीटर होतो, म्हणजे मिनिटाला पावणेतीन. चिकट धुळीसाठी मी कापडातून मिनिटाला ०.८ मीटरपेक्षा जास्त वेग घेत नाही, म्हणजे साडेतीन चौरस मीटर कापड. १२ सेंटीमीटर व्यासाची, २ मीटर लांब पिशवी म्हणजे पाऊण चौरस मीटर. पाच पिशव्यांत भागतं, सहा लावा. सहा महाग पिशव्या या बारा स्वस्त पिशव्यांपेक्षा परवडतात.

४०० वरून १८०वर आणायला सायक्लोननंतर नळ्यांचा एक्स्चेंजर टाका, वायू नळ्यांतून आणि हवा बाहेरून. ती तापलेली हवा बोर्माला द्या, तिथे तुम्हाला ६५-७० अंश हवेच असतात. नळ्या उभ्या आणि सरळ ठेवा, वरचं झाकण काढून ब्रश आरपार जाईल अशा. आडव्या नळ्या महिन्यात बुजतात.

पिशव्यांबद्दल तीन गोष्टी सांगतो, आणि यात तडजोड करू नका. गॅसिफायर पेटवल्यापासून वायू पूर्ण तापेपर्यंत, साधारण अर्धा तास, तो पिशव्यांतून न्यायचा नाही, बायपासने फ्लेअरला, म्हणजे उघड्यावरच्या ज्योतीत, जाळायचा. सगळ्यात जास्त डांबर त्याच अर्ध्या तासात येतं, आणि फिल्टरची पेटी थंड असेल तर जाईल तिथे चिकटतं. दुसरं, नव्या पिशव्यांवर आधी खडूच्या कोरड्या भुकटीचा पातळ थर चढवायचा. डांबर कापडात न मुरता त्या थरात राहतं आणि झटकल्यावर थरासकट पडतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातले बॅग फिल्टर दाबाच्या हवेने झटकतात. आपल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन आहे, त्यात हवा सोडणं म्हणजे स्फोटाचं मिश्रण आपणच तयार करणं. नायट्रोजनचा सिलिंडर वापरा, किंवा गाळलेलाच वायू दाबून वापरा. 'नेहमीच्या कंप्रेसरवर चालेल' असं विक्रेता म्हणाला तर त्याने हा वायू कधी हाताळलेला नाही. फिल्टरच्या पेटीला स्फोटझडपही मागा.

बॅग फिल्टरपुढे वायू अजून गरमच आहे, इंजिनाला तो ४० अंशांच्या खाली लागतो. इथे अप्रत्यक्ष कूलर, म्हणजे नळ्यांबाहेरून पाणी. धूळ आधीच गेल्यामुळे इथे नुसतं थोडं पाणी आणि डांबर निथळतं, काळा गाळ होत नाही. ते बंद ड्रममध्ये जमा करून गॅसिफायरच्या तापलेल्या थरात थोडं थोडं जिरवता येतं. त्यापुढे लाकडाच्या भुश्श्याचा एक फिल्टर डांबराच्या धुक्यासाठी, आणि इंजिनाच्या तोंडाशी एक साधा कापडी सुरक्षा फिल्टर. तो काळा पडू लागला की मागे काहीतरी फुटलंय असं समजून जनरेटर बंद करायचा. भुसा महिन्या-दोन महिन्यांनी बदला आणि जुना वाळवून जळणात घाला.

हा क्रम मी शोधलेला नाही. ऑस्ट्रियात ग्युसिंगला २००० सालानंतर जे ८ मेगावॅटचं प्रसिद्ध संयंत्र चाललं, तिथेही वायू दीडशे अंशांच्या आसपास आणून आधी पिशव्यांतून, मग बायोडिझेलच्या धुलाईतून नेत, आणि वापरलेला द्रव भट्टीतच जाळत. सांडपाणी नाही. आपल्या आकाराला बायोडिझेल परवडत नाही म्हणून भुसा, पण विचार तोच, धूळ कोरडी असतानाच काढा.

ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धूळ खेचून पकडणारं यंत्र, याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. यंत्र उत्तम. डेन्मार्कमध्ये हारबोरला अपड्राफ्ट (वायू वरून बाहेर पडणाऱ्या) गॅसिफायरचा अतिशय डांबरयुक्त वायू ओल्या ईएसपीने साफ करून इंजिनं चालवली. पण आत ठिणग्या पडतात, त्यामुळे वायूत ऑक्सिजन वाढला की त्याच क्षणी वीज तोडणारी यंत्रणा लागते, आणि तिच्यावर रोज लक्ष ठेवणारा माणूस. शंभर घनमीटरसाठी तो खर्च निघत नाही. सिरॅमिक कँडलचंही, म्हणजे भाजलेल्या मातीच्या पोकळ फिल्टर-नळ्यांचंही, तसंच, ४०० अंशांना झकास गाळतात, पण अचानक गार झाल्या की तडकतात.

तर तुमच्यासाठी, जळण करट्या आणि सुकं लाकूड असेल तर, बर्नरच्या फाट्याला सायक्लोन आणि झाकलेला गरम डक्ट. इंजिनाच्या फाट्याला सायक्लोन, हवेचा एक्स्चेंजर, १८० अंशांवर सहा पिशव्या, कूलर, भुसा, कापड. जळण बदललं तर हे सगळं बदलतं, आणि म्हणून टरफलांविषयी स्पष्ट बोलायला हवं.

काजूच्या टरफलात पाव हिस्सा तेल असू शकतं, तेही अंगाला फोड आणणारं. वाफेवर उकडलेल्या टरफलात ते जवळजवळ सगळं शिल्लक असतं. ते डाउनड्राफ्टमध्ये घातलं की डांबर कितीतरी पटींनी वाढतं आणि वर सांगितलेल्या पिशव्या एका दिवसात संपतात. टरफलं तेल काढणाऱ्याला विका. तेल काढलेली पेंड ब्रिकेट करून (दाबून ठोकळे करून) परत आणता आली तर ती करट्यांत थोडी मिसळून बघा, पण जनरेटर बंद असताना, फक्त बर्नरवर. करटी मात्र सोन्यासारखी. घट्ट, राख एक टक्क्याच्या आसपास. लाकूड म्हणून आपल्याकडे जुन्या खाणींच्या डंपांवर लावलेला अकेशिया भरपूर मिळतो, तोही चालतो, मुठीएवढे तुकडे करून. भाताचं तूस कुणी फुकट दिलं तरी नको. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास राख, तीही सिलिका.

आणि पावसाळा. मला दर वर्षी जुलैत फोन येतात, 'फिल्टर चोक झाला, कापड खराब आलंय.' कापड चांगलं असतं. गेल्या काही वर्षांतला एक दिवस सांगतो. डिचोली भागात एका युनिटमध्ये मी फिल्टरचं झाकण उघडलं, आणि पिशव्यांवर धूळ नव्हतीच. काकवीसारखा चकचकीत काळा थर होता, बोटाने ओढला तर तार निघत होती. मागच्या शेडमध्ये गेलो तर करट्या उघड्यावर, ताडपत्री वाऱ्याने उडालेली, करटीच्या वाटीत पाणी साचलेलं. जळणात २० टक्क्यांहून जास्त ओल गेली की भट्टीचा तापलेला पट्टा गार पडतो, डांबर न जळताच खाली येतं, आणि दोष फिल्टरला लागतो. तुमचा सगळ्यात स्वस्त फिल्टर म्हणजे जळणाची शेड. मेअखेर चार महिन्यांचं जळण छपराखाली, जमिनीपासून फूटभर वर, आणि एक्स्चेंजरची उरलेली गरम हवा एका बाजूने शेडमध्ये सोडलेली.

रोज बघायला महागडं मीटर नको. सायक्लोन, पिशव्या आणि भुसा, प्रत्येकाच्या अलीकडे-पलीकडे यू-आकाराची पारदर्शक नळी लावा, रंगीत पाणी भरा, आणि दर तासाला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक, म्हणजेच दाबाचा फरक, वहीत लिहा. पिशव्यांचा फरक झटकल्यावर खाली येतो की नाही इकडे लक्ष द्या. रोज थोडा थोडा वरच राहू लागला तर डांबर मुरतंय. अचानक शून्य झाला तर पिशवी फाटलीय. आठवड्यातून एकदा पिशव्यांनंतरच्या नळातून वायू पाच मिनिटं पांढऱ्या फिल्टर पेपरमधून सोडा. राखाडी डाग म्हणजे धूळ, पिवळट-तपकिरी डाग म्हणजे डांबर. त्या कागदांवर तारीख टाकून जपून ठेवा.

हे काम आणि कुठलंही झाकण उघडणं, एकट्याने नाही आणि बंद खोलीत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डांबराचा वास येतो म्हणून लोकांना वाटतं गळती कळेल, पण तुम्ही वायू जितका स्वच्छ कराल तितका तो वास जातो आणि विष तेवढंच राहतं. फिल्टर तीन बाजूंनी उघड्या छपराखाली बसवा, कामगाराच्या खिशाला अडकवायचा सीओ अलार्म घ्या, आणि झाकण उघडण्याआधी ब्लोअर बंद करून पूर्ण यंत्रणेतला वायू नायट्रोजनने बाहेर हाकला.

विक्रेत्याकडून नवं कोटेशन आलं की त्यातले तीन आकडे मला कळवा: पिशव्यांचं कापड, चौरस मीटर, आणि झटकायला तो काय वापरणार. त्यावरून पुढचं सांगतो.